मात केली, पण कशावर?

२०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं, तेव्हा लंडनच्या घरात मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. लगेच घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मथळे येऊ लागले : 'अपंगत्वावर मात', 'गरिबीवर मात'. मग नेहमीची खडाजंगी. 'अपंग' म्हणायचं की 'दिव्यांग', बक्षीस किती द्यायचं.

मला खटकतो तो 'मात' हा शब्द. त्यात सगळं ओझं खेळाडूच्याच खांद्यावर. त्याला अडवणारा जिना तर आपण बांधलेला असतो.

सांगलीचेच मुरलीकांत पेटकर घ्या. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून पाय निकामी झाले आणि १९७२ला हायडेलबर्गमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. जिद्द होतीच. पण ते लष्करात होते, म्हणून इस्पितळ मिळालं आणि उपचार म्हणून पोहणंही. तशीच इजा ऊसतोड मजुराला झाली असती तर? (पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.)

इकडेही या खेळांची सुरुवात इस्पितळातच झाली. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८मध्ये, मणक्याला इजा झालेल्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. आधी वॉर्ड, मग मैदान. आज लंडनच्या बसला रॅम्प असतो. व्हीलचेअरवरून चढणारा माणूस कुणाचे आभार मानत बसत नाही, उलट उशीर झाला म्हणून ड्रायव्हरवर करवादतो. मला ते फार आवडतं.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. भुयारी रेल्वेच्या बहुतेक स्थानकांत आजही पायऱ्या टळत नाहीत. २०१२ला चॅनेल ४ या इथल्या टीव्ही वाहिनीने पॅरा-खेळाडूंना 'सुपरह्यूमन' म्हटलं, तेव्हा अनेक अपंग लोकच वैतागले. कारण साधं आहे : खेळाडू अतिमानव ठरला की उरलेले आळशी ठरतात. व्यायाम करताना कुणी पाहिलं तर अपंगत्वाचा सरकारी भत्ता जाईल, ही धास्ती इथेही आहे.

पॅरिसच्या सुवर्णाला आपल्या केंद्र सरकारने ७५ लाख दिले. द्यावेतच. पण पदकाआधीच्या दहा वर्षांत कृत्रिम पाय कोण देतं, रोज मैदानापर्यंत कोण पोचवतं?

हे मी ग्रुपवर लिहिलं. मामा म्हणाले, "तिकडे बसून बोलणं सोपं आहे रे." खरंच आहे. मी विचारलं, "मामा, आपल्या तालुक्याच्या क्रीडा संकुलातल्या संडासात व्हीलचेअर जाते का, जरा बघून याल?"

मामांनी अजून कळवलेलं नाही.