पी.पी. नंबर

आमच्या लांबच्या काकांच्या दहाव्याला माझी कॅमेरामन म्हणून निवड झाली. एरवी समारंभात माझ्याकडे जबाबदारीचं काम कुणी देत नाही. लग्नात अक्षता वाटायच्या आणि मुंजीत चपलांवर लक्ष ठेवायचं, एवढीच माझी पायरी. पण काकांचा नातू टोरांटोला, त्याला येणं जमत नव्हतं, आणि जमलेल्या मंडळींत त्यातल्या त्यात बरा कॅमेरा माझ्या मोबाइलचा होता. "तू फक्त समोर धरून उभा राहा, बोलू नकोस," असं थोरल्या आत्याने बजावलं.

आषाढातली सकाळ, रामकुंडावर ९ वाजलेले. तिकडे टोरांटोत रात्रीचे साडेअकरा. पोरगं बिचारं एवढ्या रात्री आंघोळ करून, सोवळं म्हणून टॉवेल गुंडाळून बसलं होतं. या मोबाइलला आपण दिवसभर शिव्या घालतो, पण त्या पोराने बारा हजार किलोमीटरवरून आजोबांच्या पिंडाला हात जोडले तेव्हा मलाही दुसरीकडे बघावं लागलं. हात माझ्याबरोबर वळला असावा, कारण नंतर कळलं की पुढची दोन मिनिटं टोरांटोला फक्त एका भजीच्या गाडीचं दर्शन होत होतं.

मग पिंड ठेवले आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघू लागले. कावळा होता. पायऱ्यांवर बसून, मान तिरकी करून आमच्याकडे बघत होता. पण जागचा हलेना. नेहमीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली. "काकूंना अंतर देणार नाही." कावळा ढिम्म. "धाकट्याचं लग्न याच वर्षी उरकू." ढिम्म. "सिन्नरच्या जमिनीचं भांडण मिटवू." यावर कावळ्याने पंख झटकले, पण ते अविश्वासाने असावेत. एवढ्यात माझ्या हातातून आवाज आला, "काका, कावळा नीट दिसत नाहीये. जरा जवळ जा ना." मी जवळ गेलो. कावळा उडाला. आत्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी या जन्मात विसरणार नाही.

पाऊण तास गेला. शेवटी काकांच्या जावयाला काय सुचलं कोण जाणे, तो पुढे होऊन हात जोडून म्हणाला, "काका, तुमचा फॅमिली ग्रुप बंद पडू देणार नाही. रोज पहाटे सुप्रभात टाकू." काका ग्रुपचे ॲडमिन. गुलाबाचं फूल, चहाचा कप आणि खाली एखादा सुविचार, असा त्यांचा मेसेज वर्षानुवर्षं पहाटे साडेपाचला यायचा. वाचत कुणीच नसे. जावयाचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा सुर्रकन आला आणि पिंडाला शिवला. टोरांटोतून टाळ्यांचा आवाज आला.

सुप्रभात कोण टाकणार, हे अर्थातच ठरलं नव्हतं. सगळे हळूहळू माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघू लागले.

या सगळ्यात बॅटरीकडे माझं लक्षच नव्हतं. आम्हा नाशिककरांची मोजमापं वेगळी असतात. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की पाणी किती फूट वाढलं हे आम्ही विचारत नाही. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, हे विचारतो. कमरेला आलं की बघायला जायचं, छातीला आलं की घाटावरच्या टपऱ्या हलल्या का ते विचारायचं, गळ्याशी आलं की पेपरात फोटो. माझ्या बॅटरीचा हिशोब असाच, फक्त उलटा. सकाळी निघताना मारुतीच्या गळ्याला होती. व्हिडिओ कॉल संपला तेव्हा घोट्याला.

आमची आई सांगायची, दहाव्याला गेलं की घाटावरून थेट घरी यायचं, मध्ये कुठे टेकायचं नाही. पण पोटात कावळे ओरडत होते (हा शब्दप्रयोग त्या दिवशी टाळायला हवा होता), आणि पंचवटीतून निमाणी बसस्टँडकडे चालत निघालं की वाटेत मिसळीचा वास आडवा येतो. नाशिकच्या माणसाला दारूच्या दुकानावरून मान खाली घालून जाता येतं, मिसळीच्या दुकानावरून नाही. मी शिरलो. काळ्या मसाल्याची मिसळ, दोनदा रस्सा, पापड, वर ताक. बिल १३० रुपये.

गल्ल्यापाशी उभा राहून क्यूआर कोड स्कॅन केला, आकडा टाकला, पिन टाकला. ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, आणि फिरता फिरता पडदा काळा झाला.

फोन बंद पडतो हे दुःख मोठं नाही. पैसे गेले की नाही गेले, या प्रश्नाच्या मधोमध फोन बंद पडतो हे दुःख. देवापुढे नारळ वाढवायला हात उचलावा आणि नारळ हवेतच राहावा, तसं. मी गल्ल्यावरच्या त्या बोलक्या डब्याकडे आशेने पाहत राहिलो. डबा बोलेना. सकाळी कावळा, आता हा डबा.

"काका, पैसे पडले नाहीत अजून," मालक म्हणाला. तरुण मुलगा होता, बोलायला नम्र.

"गेलेत माझ्याकडून."

"माझ्याकडं आले नाहीत ना पण."

मी खिसे चाचपले. शर्टाच्या खिशात चष्म्याची केस. पॅन्टच्या उजव्या खिशात रुमाल, डाव्यात दहाव्याचा प्रसाद. पाकीट नावाची वस्तू मी दोन वर्षांपूर्वी बाळगायची सोडली, कारण "आता कुठे लागतं?" आणि ही गोष्ट घडत होती नाशकात, जिथे १९२८ सालापासून या देशाच्या नोटा छापल्या जातात! माझे वडील नोट प्रेसमध्ये होते. दिवसभर डोळ्यांसमोर लाखोंच्या थप्प्या, संध्याकाळी फाटकावर झडती देऊन बाहेर, आणि महिनाअखेरीला वाण्याकडे उधारी. कुठलीही नोट हातात आली की ते आधी उजेडात धरून तिचा जलचिन्हाचा भाग बघत, मग खिशात घालत. अगदी भाजीवालीने परत दिलेली असली तरी. अशा माणसाचा मुलगा १३० रुपयांसाठी मिसळीच्या दुकानात अडकला होता, आणि तिथून नोटांचा कारखाना फार तर दहा-अकरा किलोमीटरवर.

मालकाने चार्जर दिला. पण माझ्या मोबाइलची एक खोड आहे. पिन आत घालून ती जरा डावीकडे दाबायची, खाली काडेपेटी ठेवायची, वायरीला वरून एक वेढा द्यायचा आणि मग खोलीतून कुणी जायचं नाही. पंखासुद्धा दोनवरच. असं केलं तर चार्ज होतो. घरी ही मांडणी टीव्हीच्या मागे कायम केलेली आहे. इथे गल्ल्यावर काडेपेटी मिळाली, पण दर मिनिटाला कुणीतरी धाडकन पाणी ठेवत होतं. फोनवर एकदा बॅटरीचं रिकामं चित्र आलं, मला बघून गेलं.

"घरी फोन लावा ना," मालकाने स्वतःचा मोबाइल पुढे केला. भला माणूस.

मी तो हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. बायकोचा नंबर मला येत नाही. तेवीस वर्षं संसार केला, तिला चहात साखर किती लागते ते सांगेन, कुठल्या नातेवाइकावर का राग आहे ते तारीखवार सांगेन. नंबर? सुरुवातीला ९४ आहे, शेवटी ८४ किंवा ४८. माझ्या मोबाइलमध्ये ती 'घर' या नावाने आहे. 'घर' दाबलं की ती बोलते, नंबराशी माझा संबंध कधी आलाच नाही. मुलाचा नंबर त्याने तीनदा बदलला. ऑफिसचा माहीत नाही. स्वतःचा मात्र पाठ आहे, पण तो लावून काय उपयोग!

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी अशा वेळी पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ शोधला असता. निमाणी ते सीबीएस एवढ्या अंतरात दहा सापडले असते. आणि नंबर पाठ असायचे. या देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. तेव्हा मिनिटाला सोळा-सोळा रुपये मोजायचे, आणि गंमत म्हणजे आलेल्या फोनचेही पैसे. म्हणजे दुसऱ्याने शिवी दिली तरी बिल आपल्याला! २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं तेव्हा कुठे आमच्यासारख्यांनी मोबाइल घेतला. माझा पहिला फोन बॅटरीवाला, म्हणजे टॉर्चवाला नोकिया ११००. एकदा चार्ज केला की आठवडाभर बघायला नको. आणि तरी आम्ही तो वापरायचो काय, तर मिस कॉल द्यायला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे दूध आण. बायको कधीकधी चौथी द्यायची, ती कशाची हे अजून कळलेलं नाही.

असं उभं राहून मी मेंदू खरवडत होतो आणि अचानक तळाला एक नंबर लागला. सहा आकडी. आमच्या मालकीचा नव्हेच, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा. आमच्या जेलरोडच्या बिल्डिंगीत फोन फक्त त्यांच्याकडे होता आणि बारा बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर, अर्जांवर, दुकानाच्या पावत्यांवर तोच नंबर कंसात 'पी.पी.' लिहून छापलेला असायचा. त्या अक्षरांचा पूर्ण अर्थ आम्हाला कुणाला ठाऊक नव्हता. पी.पी. म्हणजे काकू. फोन आला की त्या गॅलरीत येऊन हाक मारायच्या, आणि ज्याचा फोन असेल तो ओल्या अंगाने, खरकट्या हाताने धावत खाली. त्याच्या मागून बाकीचे अकरा, काय झालं ते ऐकायला.

मी नंबर लावला. लागला नाही. मध्ये कधीतरी सगळ्या नंबरांच्या आधी २ चिकटला होता, ते आठवलं. २ लावून पाहिला. तरी नाही. मग त्याच्याआधी ०२५३. मालक हे सगळं म्हातारा मंत्र टाकतोय अशा नजरेने बघत होता. आणि रिंग गेली. मोबाइलसारखी गाणी नाहीत, सायबर चोरांचं प्रवचन नाही. सरळ ट्रिंग ट्रिंग.

"कोण?" काकू आता ऐंशीच्या पुढे. लॅंडलाइन त्यांनी ठेवली आहे, कारण पेन्शनच्या कागदावर तोच नंबर आहे आणि सरकारला त्रास देऊ नये असं त्यांचं मत.

"काकू, मी वरचा. जरा आमच्या घरी निरोप द्याल?"

पलीकडे क्षणभर शांतता. पंचवीस वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, स्लिपरचा आवाज आणि मग, मिसळीच्या अख्ख्या दुकानाला ऐकू जावी अशी हाक: "सूनबाईऽऽ! फोनऽऽ!"

बायको खाली येईपर्यंत मालकाच्या मोबाइलवर सव्वाचार मिनिटं झाली होती. मी परिस्थिती सांगितली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दहाव्याहून थेट मिसळ?" तिच्या मागे मला किमान चार बायकांचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते. एकीने "काळ्या रश्श्याची का?" असंही विचारलं.

मालकाने आपला नंबर सांगितला, बायकोने तिकडून दाबलं आणि गल्ल्यावरचा डबा एकदाचा बोलला: "१८० रुपये प्राप्त झाले." हेही मान्य करायला हवं. मोबाइलने अडकवलं आणि मोबाइलनेच सोडवलं, फक्त दोन्ही वेळा वेगवेगळ्या माणसाच्या. वरचे ५० बसभाड्याचे. ते मालकाने रोख हातात ठेवले. कितीतरी दिवसांनी नोट हातात आली होती. मी ती नकळत दारातल्या उजेडात धरली.

"खरी आहे काका," मालक जरा दुखावून म्हणाला.

निमाणीवरून नाशिकरोडची बस पकडली. बसमध्ये मला करायला काही नव्हतं, तेव्हा खिडकीतून बघत आलो. शेजारच्या सीटवरची मुलगी बिटको येईपर्यंत एकाच मैत्रिणीला "ठेवते आता" असं म्हणत होती.

बिल्डिंगीत शिरताना काकू गॅलरीतच उभ्या. आत बोलावलं. टेबलावर फोन, फोनशेजारी पत्र्याची डबी. एका फोनला एक रुपया, ही डबी मी लहानपणी पाहिलेली. ५० मधले बसभाडं जाऊन उरलेले पैसे काढले आणि एक नाणं डबीत टाकायला गेलो, तर काकूंनी हात धरला.

"निरोपाचे पैसे मी कधी घेतले नाहीत. फोन केला तर रुपया, आला तर फुकट." मग टेबलाच्या खणातून एक वही काढली. पुठ्ठा फाटलेला, आतल्या पानांना कुंकवाचे डाग. चष्मा नाकावर ओढून त्यांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे मात्र आहे. तुझ्या वडिलांचे. १९९४. साडेसात रुपये बाकी."

साडेसात कसे, एका फोनला तर रुपया? काकू म्हणाल्या, एक फोन अर्धवट कट झाला होता.

मी वर जाऊन टीव्हीमागची मांडणी जमवली, काडेपेटी सरळ केली, फोन जिवंत केला आणि खाली येऊन म्हणालो, काकू, आठ रुपये पाठवतो, कुणाच्या तरी नंबरवर घ्या. त्यांनी मान हलवली. रोख, आणि बरोबर तेवढेच. जास्त घेतले तर वहीत कुठे मांडायचे?

सात रुपये त्याच संध्याकाळी दिले. आठ आण्यांचं नाणं अजून मिळालेलं नाही. रविवार कारंजावर विचारलं, भद्रकालीत भाजीवाल्यांना विचारलं, त्या मिसळवाल्यालाही पुन्हा जाऊन विचारून आलो (मिसळ खाल्ली, पैसे पडले). रोज पहाटे साडेपाचला मी उठून काकांच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकतो, आणि ते जातं न जातं तोच खालून गॅलरीतून हाक येते:

"उठलास का रेऽऽ? मिळाले का आठ आणे?"