दुसरा दिन

"उलटं झालं ना?"

काल पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका काउंटरवर, चारचौघांत, एका टेलरने मला हे विचारलं आणि मी "नाही हो, एक एक्स्ट्रा असावा म्हणून घेतोय" असं धडधडीत खोटं बोललो. वय वर्षं पन्नास.

तर माझ्याकडे बीबीसी मायक्रो नावाचा एक जुना कम्प्युटर आहे. १९८४ साली सरकारने शाळांमधून कम्प्युटर पोचवायची 'क्लास' नावाची योजना काढली होती, त्यात ही इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीची मशीन आपल्याकडे आली. मेमरी ३२ केबी. आमच्या शाळेत तिच्यासाठी खोलीला पडदे लागले, एसी बसला, आणि आम्ही दारात चपला काढून आत जायचो, फक्त नारळ फोडायचा बाकी होता. एका मशिनीवर पाच पोरं, कीबोर्डला हात लावणारा एकच, आणि तो कधीच मी नव्हतो. त्यामुळे मागच्या वर्षी एका भंगारवाल्याकडे ती दिसली तेव्हा मी भाव न करताच उचलली. (पहिल्यांदा चालू केली तेव्हा पॉवर सप्लायमधला कपॅसिटर फुटून इतका धूर झाला की वरच्या मजल्यावरून फोन आला. तो विषय घरात अजून बंद आहे.)

अडचण मॉनिटरची. ही बाई सेकंदाला साधारण १५,६०० रेघा काढते, जुन्या टीव्हीच्या चालीने. आपला मॉनिटर व्हीजीए केबलवर ३१,५०० च्या खाली काही ऐकूनच घेत नाही, 'इनपुट नॉट सपोर्टेड' असं सरकारी उत्तर देतो. मागे एक गोल बीएनसी सॉकेट आहे, त्यातून चित्र येतं पण काळंपांढरं, आणि ते घेणारा डबा टीव्ही आम्ही दोनशे रुपयांना विकला. आम्ही म्हणजे मी नाही.

म्हणून एक चिनी बोर्ड मागवला, मुळात व्हिडिओ गेम पार्लरच्या मशिनींसाठी बनवलेला, तो ह्या रेघा दुप्पट करून मॉनिटरला चालतील अशा करून देतो. पण मशीन रंगाच्या तारेवर ५ व्होल्ट सोडते आणि बोर्डाला हवेत ०.७. मग प्रत्येक तारेत एक ४७० ओमचा रेझिस्टर टाकायचा, बोर्डाच्या आतल्या ७५ ओमशी त्याची वाटणी होऊन बरोबर तेवढंच उरतं. लाल, हिरवा, निळा आणि सिंक (रेघा जागेवर धरणारा सिग्नल), म्हणजे चार रेझिस्टर आणि एक गोल प्लग, त्याला डिन म्हणतात. अर्ध्या तासाचं काम, असं मी बायकोला सांगितलं होतं.

पहिल्या खेपेला दुकानात पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "बोला काका."

"सहा पिनचा डिन."

त्याने जुन्या माऊसचा बारका प्लग पुढ्यात टाकला. मी म्हटलं हा नाही, मोठा डिन, जुना.

"आज कुठला दिन आहे?" हा आवाज शेजारून आला.

शेजारी एक गृहस्थ, सत्तरीचे, गळ्यात टेप, हातात कापडी पिशवी, आणि समोर काउंटरवर सात डोअरबेल. ते एकेक बेल वाजवून बघत होते. टिंग टाँग. मग डोळे मिटून विचार. मग पुढची. त्यांची अट अशी होती की बेल स्वयंपाकघरात ऐकू यायला पाहिजे पण शेजाऱ्यांकडे जाता कामा नये.

"हा कुठला पक्षी?" त्यांनी विचारलं.

"बर्ड साउंड आहे काका."

"ते कळलं. पक्षी कुठला?"

पोराने खोक्यावर बघितलं. खोक्यावर पोपट होता. आवाज पोपटाचा नव्हता ह्यावर त्यांच्यात पाच मिनिटं गेली आणि मी माझा कागद धरून उभा. मग पोरगा आत डिन शोधायला गेला आणि काकांनी माझ्या हातातला कागद न विचारता काढून घेतला. त्यावर मी सॉकेटचं चित्र काढलं होतं, १ लाल, २ हिरवा, ३ निळा, ४ सिंक, ५ अर्थ, म्हणजे अर्थिंगवाला. काकांनी तो उजेडात धरला, मग उलटा करून पाठीमागून बघितला.

"हे समोरून काढलंय का?"

"हो."

"कुणाच्या समोरून?"

मी म्हटलं समोरून म्हणजे समोरून.

"तसं नसतं साहेब. दोन माणसं नमस्काराला समोरासमोर उभी राहिली की ह्याचा उजवा हात त्याच्या डाव्यापुढे येतो. मी पंचेचाळीस वर्षं शिवतोय. कापड उलट्या बाजूने बेतलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात."

आता इथे मी "अरे हो" म्हणायला हवं होतं. मी काय म्हटलं, तर "काका, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे."

"बरं," म्हणाले, आणि बेल वाजवली.

रेझिस्टर सुटे मिळत नाहीत, शंभरचंच पाकीट. चार लागले, शहाण्णव ड्रॉवरमध्ये आहेत, कुणाला पाहिजेत तर सांगा. स्वस्त आहेत हे मलाही माहितीय, पण चार मागणाऱ्याला चार देताना दुकानाचं नेमकं काय जातं, आणि वर "एवढ्यात नवीन लॅपटॉप येईल काका" हे ज्ञान कशासाठी? येतो की. माझ्याकडे दोन आहेत.

घरी प्लगचं तोंड स्वतःकडे धरून ऐटीत नंबर मोजले आणि सोल्डर मारलं. मशीन 'बूऽऽ बिप' म्हणाली, मॉनिटरवर 'नो सिग्नल'ची निळी पाटी फिरत राहिली, रात्री साडेअकरापर्यंत. बोर्ड बदलून मागायचं ठरवलं, चिनी मालाला शिव्या दिल्या, बायकोने पंखा बंद केला होता का विचारलं. मग आरशासमोर दात घासताना कळलं. सिंकच्या जागी हिरवा, हिरव्याच्या जागी सिंक, लालचा अर्थ आणि अर्थाचा लाल. निळा तेवढा बरोबर, कारण तो मधोमध. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या.

उकलून परत सोल्डर करायला गेलो तर प्लगमधलं प्लास्टिक वितळलं आणि पिना लोंबकळायला लागल्या. म्हणून काल परत तीच गल्ली. आणि तिथे, देवाशपथ, तेच काका. पक्ष्याची बेल परत करायला आलेले, कारण ती वाजली की समोरच्यांचं दार उघडत होतं. पोरगा मला बघून म्हणाला, "काय काका, दुसरा दिन?" आणि पुढचं वर सांगितलंच आहे. माझं खोटं ऐकून काका काही बोलले नाहीत, फक्त माझ्या अंगठ्याला आलेल्या फोडाकडे बघितलं.

रात्री चित्र आलं. आठही रंग, अगदी टवटवीत. फक्त बोर्ड चित्र थोडं डावीकडे सरकवतो, पहिलं अक्षर कडेला कापलं जातं. त्यामुळे 'बीबीसी कम्प्युटर ३२के' असं यायच्या ऐवजी मशीन चालू केली की ती आधी 'बीसी' म्हणते.

बायको चहा घेऊन आली होती. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "ओळखलं वाटतं तुला."