स्लॉट लांब दिसतोय म्हणून १६ लेनचा नसतोय राव!

हे तिसऱ्यांदा व्हायलंय. लातूरहून मावसभावाचा फोन, "दादा, नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलंय पण गेम अडकायलीय, डुप्लिकेट कार्ड दिलं वाटतं." म्हणलं फोटो पाठव. बघतो तर काय, गड्यानं कार्ड मदरबोर्डच्या खालच्या स्लॉटात, म्हणजे खालच्या खाचेत बसवलंय! कामून? तर "वरी प्रोसेसरजवळ तापतंय, खाली हवा लागती, दुकानदारच म्हणला." अरे बाबा, वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला, पूर्ण १६ लेनचा (लेन म्हणजे डेटा जायची वाट), अन् खालचा दिसायला तेवढाच लांब पण बऱ्याच बोर्डांवर आत ४ च लेन, त्या बी चिपसेट नावाच्या बोर्डावरच्या दुसऱ्या चिपमधून वळसा घालून येणाऱ्या, म्हणजे दार वाड्याचं अन् आत बोळ. कंपन्या बी लई शहाण्या, हे मॅन्युअलात बारीक अक्षरात लिहितेत, अन् मॅन्युअल खोक्यासकट माळ्यावर. टॉर्च मारून बघ म्हणलं, पिना मधातच संपलेल्या दिसतील. दिसल्या. कार्ड वर घेतलं, कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड सॉफ्टवेअरमधी एक्स४ चं एक्स१६, म्हणजे ४ लेनचं १६ झालं, गेम बी पळायली. आता म्हणतोय, "दादा, खालचा स्लॉट रिकामा बरा दिसना, तिथं काय बसवू?"