कॅनडाची चित्रकार एमिली कार हिच्यावरच्या माझ्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेबद्दल

तुमची प्रतिक्रिया मी एक शब्दही न काढता तशीच ठेवली आहे. ‘एका गोऱ्या बाईने आदिवासींची ओसाड गावं रंगवून नाव कमावलं, चित्रांत जिवंत माणूस औषधालाही नाही, आणि तुम्ही दिवाणखान्यात बसून तिची आरती ओवाळलीत,’ असं तुम्ही म्हणता. शिवाय तिच्या एका चित्राचं ‘इंडियन चर्च’ हे जुनं नाव वापरल्याबद्दल कानउघाडणी आणि शेवटी पॉटलॅचवरच्या, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या भेटवस्तू वाटण्याच्या समारंभावरच्या, सरकारी बंदीवर चार ओळी.

नावाचं मान्य. १९२९ च्या त्या चित्राला टोरांटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ऑंटॅरिओने २०१८ मध्ये ‘चर्च ॲट यूक्वॉट व्हिलेज’ असं नाव दिलं. लेखात तेही यायला हवं होतं.

पण दिवाणखाना? माझे वडील वनखात्यात होते. माझं लहानपण मेळघाटात, कोरकूंच्या गावांना लागून असलेल्या क्वार्टरमध्ये गेलं. पावसाळ्यात जंगल अंगावर येतं म्हणजे काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. पुढे नोकरीमुळे व्हँकुव्हरला राहिलो. तिथल्या आर्ट गॅलरीत तिच्या ‘बिग रेव्हन’ या चित्रासमोर कितीतरी वेळा जाऊन उभा राहिलो आहे. त्यातलं रान हिरव्या लाटांसारखं उसळतं आणि आभाळ लाकडात कोरल्यासारखं घट्ट दिसतं. ते बघून मी लिहिलं. तुम्ही काय बघून लिहिलंत?

आणि आरती कसली? १९१३ मध्ये तिने व्हँकुव्हरला सुमारे २०० चित्रं मांडली, सरकारने ती घेतली नाहीत, मग पुढची जवळजवळ पंधरा वर्षं ती व्हिक्टोरियात भाडेकरू ठेवून, कुत्री विकून जगली, हे लेखात आहे. त्या काळात आदिवासींची नक्षी काढलेली मडकी तिने पर्यटकांना विकली आणि त्याची तिला स्वतःलाच पुढे लाज वाटली, हेही आहे. भक्त असली गोष्ट झाकून ठेवतो, मी ठळक लिहिली. ओटावाच्या १९२७ च्या प्रदर्शनाने तिला नाव मिळालं तेव्हा तिची पंचावन्नी उलटत होती. ‘नाव कमावलं’ असं दोन शब्दांत उडवण्याइतकं ते स्वस्त नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तुमचा हा सूर मला फार लागला.

माणसं नाहीत म्हणता, तर तिची १९१२ ची अलर्ट बे या आदिवासी गावाची चित्रं काढून पाहा, रस्त्यावर माणसं आहेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या हैडा ग्वाई बेटांवरची गावं तिने रिकामी केली नाहीत. १८६२ च्या देवीच्या साथीनंतर उरलेली माणसं हळूहळू स्किडगेट आणि मॅसेट या दोन गावांत एकवटली होती. तिथल्याच कमशीवा या ओसाड गावी तिला भेटला तो लाकडी डोमकावळाच, आणि १९३१ मध्ये ‘बिग रेव्हन’मध्ये तिने तोच रंगवला.

पॉटलॅचबंदी १८८५ ते १९५१ होती, ती काही तिने घातली नव्हती. त्यावर इथे वाद घालत बसणार नाही. तिचं नेमकं कुठलं चित्र पाहून तुमचं हे मत झालं, ते मात्र नावानिशी कळवा.