मोठ्या पडद्यावरच बघा
लेखात म्हटलंय की ‘अपोलो ११’ ही माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला त्या मोहिमेवरची डॉक्युमेंट्री घरी टीव्हीवर बघितली तरी चालेल, ते मला अजिबात नाही पटलं. मी २०१९ ला इथे अमेरिकेत आयमॅक्सला बघितली, आईला घेऊन. सुरुवातीलाच ते रॉकेट वाहून नेणारं अवाढव्य वाहन, क्रॉलर, ३६३ फुटी सॅटर्न ५ रॉकेटला घेऊन मुंगीच्या पावलांनी चाललेलं दिसतं, शेजारून चालणारी माणसं एवढुशी, तिथेच अंगावर काटा आला. सगळं तेव्हाचंच फुटेज, त्यातलं मोठ्या आकाराच्या फिल्मवरचं कितीतरी आधी कोणी बघितलेलंच नव्हतं, आणि निवेदक नाही, मुलाखती नाहीत. ते अंतराळवीर चंद्रावर उतरले हे शाळेपासून पाठ आहे तरी उतरताना यानाच्या संगणकाचा १२०२ चा अलार्म आला आणि इंधनाचे उरलेले सेकंद मोजायला लागले तेव्हा मी खुर्ची घट्ट धरून बसले होते. उड्डाणाच्या वेळी त्यांच्यातल्या आल्ड्रिनच्या हृदयाचे ठोके फक्त ८८, काय माणसं होती ही!!
आईनं १९६९ ला साताऱ्यात ही बातमी रेडिओवर ऐकली होती, टीव्ही तेव्हा आपल्याकडे दिल्लीतच होता ना. पडद्यावर ईगल, म्हणजे त्यांचं यान, चंद्रावर टेकलं तेव्हा ती हळूच म्हणाली, “असं होतं होय ते!”