मिठाची खाण आणि माझी जीभ

माझी जीभ सध्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर स्टिकर म्हणून वापरात आहे. कुणी मिसळीचा फोटो टाकला की खाली ती येते. कुणी 'लग्नाला सहकुटुंब यायचं हं' असं लिहिलं की येते. परवा एकांच्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाच्या पानाचा फोटो आला, त्याखालीसुद्धा ती आली, आणि तिला लोकांनी हात जोडले. जीभ माझी असली तरी चित्रीकरणाचे आणि वितरणाचे सर्व हक्क कोल्हापूरच्या एका निवृत्त काकांकडे आहेत.

प्रकार घडला पोलंडमध्ये. क्राकोव शहराजवळ व्हिएलिच्काची मिठाची खाण आहे, तिथे आमच्या सहलीचा थांबा होता. पैसे देऊन जमिनीखाली कशाला जायचं, हा प्रश्न बायकोने व्हिसाच्या रांगेतच विचारला होता. मी तिला सांगितलं, की युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी काढली त्यात जगातली फक्त बारा ठिकाणं होती आणि त्यांत ही खाण होती. त्यावर ती म्हणाली, "मग उरलेली अकरा बघू या की." बायकोचं ऐकायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. ती हा लेख वाचणार आहे.

तर खाण. सुरुवातीलाच ३८० लाकडी पायऱ्या उतरायच्या. जिना गोल गोल खाली जातो आणि चौसष्ट मीटर खोलीवर तुम्हाला सोडतो. तिथून पुढे तीनेक किलोमीटर चालायचं. आत एकूण नऊ मजले आहेत, सर्वांत खालचा ३२७ मीटरवर, आणि बोगद्यांची लांबी सुमारे २४५ किलोमीटर. त्यातला अगदी किरकोळ भाग पर्यटकांना दाखवतात. तेराव्या शतकापासून इथे मीठ खोदत होते. खाणीत पाणी शिरायला लागलं, बाजारात मिठाला भाव राहिला नाही, आणि १९९६ साली मीठ काढणं थांबलं. आता त्याच खाणीतून वर्षाला दहा लाखांहून जास्त पर्यटक काढतात. उत्पन्नाची काळजी मिटली.

हे सगळं आमची गाईड छान सांगत होती. शिडशिडीत पोलिश बाई, खाणवाल्यांचा पोशाख, इंग्रजी स्वच्छ. तिचं एक वाक्य संपलं की मागून आवाज यायचा, "उतारा किती?"

हे काका. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलेलं. टनामागे साखर किती पडते त्याला उतारा म्हणतात, हे साऱ्या पश्चिम महाराष्ट्राला माहीत आहे, पण पोलंडला माहीत नव्हतं. काकांना इंग्रजी समजायचं, पण बोलायची वेळ आली की ते माझ्याकडे बघायचे. माझी चूक एवढीच, की मी चष्मा लावतो आणि पहिल्या दिवशी विमानात फॉर्म भरून दिला होता.

"पाव्हणं, विचारा की तिला. एक टन दगडामागं मीठ किती?"

मी विचारलं. ती म्हणाली, हा दगड नाहीच, हे सगळं मीठच आहे. भिंती, छत, पायाखालची फरशी, सगळं.

काकांनी भिंतीवर हात फिरवला. आता इथे त्यांची बाजू मांडायला हवी. व्हिएलिच्काचं मीठ पांढरं नाही. ते करडं, हिरवट, मळकट आहे. बोगद्यातल्या भिंती बांधकाम अर्धवट सोडलेल्या पार्किंगसारख्या दिसतात. शंका येणं स्वाभाविक होतं.

"हे सिमेंट हाय," काका म्हणाले.

मी भाषांतर केलं नाही. पण 'सिमेंट' हा शब्द तिला भाषांतराशिवाय कळला. हा आरोप ती रोज ऐकत असावी, कारण ती हसून म्हणाली, "विश्वास नसेल तर चाटून बघा."

बस्स. ग्रुपमध्ये तीसेक माणसं होती. पुण्याचे दोन डॉक्टर होते, नाशिकचे द्राक्षवाले होते, नवीन लग्न झालेलं एक जोडपं होतं, ज्यांनी एकमेकांसाठी काहीही चाटलं असतं. पण काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"पाव्हणं, बघा की वाईच."

"मी? तुम्हीच बघा की."

"मला बीपी हाय. डॉक्टरनं मीठ तोडलंय."

"पण तुम्ही तर म्हणता सिमेंट आहे. मग बीपीला काय होतंय?"

काका क्षणभर अडले. काकू मागून म्हणाल्या, "बरोबर बोलल्यात ते. चाटा तुम्हीच." पण काका चाळीस वर्षं साखर कारखान्यात उगाच राहिले नव्हते. "सिमेंट निघालं तर प्रश्न न्हाई," ते म्हणाले, "पण मीठ निघालं तर?"

या तर्कापुढे मी हरलो. तरी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हटलं, "काका, वर्षाला दहा लाख लोक येतात. त्यातल्या निम्म्यांनी जरी याच भिंतीला…"

"मिठात जंतू टिकत न्हाईत. लोणचं कधी नासलंय का?"

पुण्याच्या दोन्ही डॉक्टरांनी या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. ते छताकडे बघत होते. मी बायकोकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाची अपेक्षा असते की कुणीतरी हात धरून मागे ओढेल. ती म्हणाली, "अहो, आटपा लवकर, पुढचे लोक गेले."

मी चाटलं.

"कसं लागतंय?"

"खारट."

"नुसतं खारट, का कडवट बी?"

"म्हणजे?"

"कडवट असलं तर मॅग्नेशियम आलं. नीट सांगा."

"थोडं… आता तुम्ही म्हणताय म्हणून कडवट वाटतंय."

"असं म्हणून चालत न्हाई. एका नमुन्यावर रिझल्ट देत नसत्यात. तिकडनं घ्या बघू, तो वरचा भाग. जीभ जरा सपाट ठेवा."

मी खरंच दुसऱ्यांदा चाटलं. वरचा भाग म्हणून टाचा उंचावून, जीभ सपाट ठेवून. आणि या खेपेला काकांच्या हातात फोन होता. त्या व्हिडिओत मागून काकांचा शांत, तांत्रिक आवाज ऐकू येतो: "सँपल नंबर दोन." बाजूने जाणारी एक जपानी बाई थांबून बघते, तीही त्यात आली आहे. तिच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती आहे तेवढी मला माझ्या माणसांकडून मिळाली नाही.

रिपोर्ट तिथल्या तिथे जाहीर झाला. "मीठच हाय," काकांनी ग्रुपला सांगितलं, मघाशी गाईडसुद्धा तेच सांगत होती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि तोंड धुवायला पाणी माझ्या बाटलीत नव्हतं. ते काकूंनी गोळी घ्यायला संपवलं होतं.

यानंतरची खाण मी तोंडातल्या चवीसकट पाहिली. कोपर्निकसचा मिठाचा पुतळा पाहिला. तो इथे येऊन गेला असं सांगतात. त्याला कुणी चाटायला लावलं होतं का, ते सांगत नाहीत. एका ठिकाणी पुतळ्यांच्या रूपात एक जुनं काम दाखवलं आहे, ते मात्र मनात राहिलं. खाणीत मिथेन साचायचा. तो साचून मोठा स्फोट होण्याआधी थोडा थोडा जाळून टाकायला काही माणसं ओले कपडे अंगावर घेऊन, लांब काठीला पेटता पलिता बांधून, जमिनीवर सरपटत पुढे जायची. आधी त्यांनी पुढे व्हायचं, मग बाकीच्यांनी कामाला लागायचं. मी त्या सरपटणाऱ्या पुतळ्यासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो. त्याला पाठवणारा कुणीतरी असणारच. त्यालाही बीपी असेल.

घोडेही होते. जड रहाटाभोवती फिरून मीठ वर ओढायला घोडे खाली उतरवत, आणि ते वर्षानुवर्षं खालीच राहत. शेवटची घोडी बाश्का २००२ साली वर आली. खाणीला आपल्या शेवटच्या घोडीचं नाव माहीत आहे! आपल्याकडे कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद झाली. तीन किलोमीटरहून खोल गेलेली खाण. १९०२ साली शिवसमुद्रहून तारा ओढून तिथे वीज आणली होती, तेव्हा देशातल्या बहुतेक राजवाड्यांत कंदील होते. तिथली माणसं आज पहाटेच्या गाडीने बंगळुरूला कामाला जातात आणि घराशेजारी सायनाइडच्या मातीचे डोंगर आहेत. खाण बंद करायची तर अशी करा म्हणावं, जिने नीट ठेवा, दिवे लावा, ज्या माणसांनी खोदलं त्यांच्या मुलांना गाईड करा. पण आपल्याकडे वारसा म्हटला की आधी गेट आणि मग गेटवर…

"पाव्हणं, तिला एक विचारायचं हाय."

असं होतं. माणसाला धड वैतागूही देत नाहीत.

आम्ही तोवर संत किंगाच्या चॅपलमध्ये पोचलो होतो. जमिनीखाली एकशे एक मीटरवर चोपन्न मीटर लांबीचं हे देऊळच आहे. १८९६ साली काम सुरू झालं, आणि ते कुणा नामांकित शिल्पकाराने नाही, खाणीतल्याच माणसांनी पिढी ओलांडून कोरलं. झुंबरांचे लोलक मिठाचे, येशूचं शेवटचं भोजन मिठात कोरलेलं, फरशीसुद्धा मिठाची. तिथे सगळे आपोआप हळू बोलतात. काका सोडून.

"तिला सांगा, आम्ही कोल्हापूरचं. आमच्या वळिवड्यात तुमची पाच हजार माणसं राहिल्यात. आम्ही तिकीट लावलं का?"

हे मात्र खरं आहे. रशियाने सैबेरियात हाकललेले पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, दुसऱ्या महायुद्धात इराणमार्गे भारतात आले, आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांची आठवण आहे आणि वॉर्सात कोल्हापूरची. आज त्या छावणीच्या जागी गांधीनगर आहे, जिथे अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

फक्त यात काकांचा वाटा काय, ते मला कळत नव्हतं. काकांचा जन्म शेवटचं पोलिश कुटुंब परत गेल्यानंतरचा. राहायला शाहूपुरीत. त्यांच्या घरी एखादा पोलिश माणूस चहालासुद्धा आलेला नव्हता.

"खाल्ल्या मिठाला जागा म्हणावं," काका म्हणाले, आणि मिठाच्या फरशीवर पाय आपटला.

मी सौम्य करून सांगितलं. सांगता सांगताच मला जाणवलं की गाईडचा चेहरा बदलतो आहे. कोल्हापूर हे नाव तिला ठाऊक होतं. तिने पुढे येऊन काकांचा हात दोन्ही हातांत घेतला, पोलिशमध्ये काहीतरी म्हणाली, आणि मग सगळ्या ग्रुपला सांगितलं की आज आपल्यात फार मोठा पाहुणा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाशिकचे द्राक्षवाले काकांबरोबर फोटो काढायला पुढे झाले. काकांनी मान थोडी तिरकी करून, छत्रपतींच्या वतीने, तो सत्कार स्वीकारला.

भाषांतर मी केलं होतं. चाटलंही मीच होतं. हे कुणाच्या लक्षात आणून द्यायला आपण होऊन बोलावं लागतं, आणि तसं बोललं की माणूस हलका दिसतो, म्हणून गप्प बसलो. गाईड पुढे सांगत होती की ही खाण १९८९ साली युनेस्कोच्या धोक्यातल्या यादीत गेली होती, हवेतल्या दमटपणामुळे. पर्यटकांच्या श्वासाचीसुद्धा त्यात भर होती. ओलाव्याने कोरीवकाम विरघळत होतं. हवा कोरडी करायची यंत्रणा बसवली, मग १९९८ साली यादीतून नाव निघालं. मी काकांकडे बघितलं. ते अजून बोलत होते. मिठाच्या दृष्टीने ते बरं नव्हतं.

वर यायला लिफ्ट आहे. लिफ्ट कसली, खाणवाल्यांचा जुना पिंजरा, त्यात माणसं खांद्याला खांदा लावून उभी करतात. बायको आत गेली, मी आत गेलो, काका-काकू आत गेले. दार लागणार एवढ्यात काका ओरडले, "थांबा थांबा, आमची अक्का यायलीय मागनं!" आणि मग माझ्याकडे बघून, अत्यंत प्रेमाने, "पाव्हणं, तुम्ही हुशार हाय. तुम्ही येशीला पुढच्यातनं."

अक्का आत आल्या. मी बाहेर. पिंजरा वर गेला, त्यात माझी बायको, माझी पिशवी आणि माझा पासपोर्ट. पुढच्या पिंजऱ्यावर एका इटालियन शाळेची सहल नाव लावून उभी होती, आणि त्यांच्या बाई मला पोरांच्या मध्ये घ्यायला तयार नव्हत्या. मला काही त्यांचं चुकलं असं वाटत नाही. भिंतीजवळ एकटा उभा असलेला, तोंड सारखं पुसणारा माणूस मीही घेतला नसता.

बसशी पोचलो तेव्हा इंजिन सुरू होतं. टूर मॅनेजरचा नियम असा, की उशिरा येणाऱ्याने सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं. त्याने माइक माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "काय साहेब, एवढा वेळ कुठे?"

मी तोंड उघडायच्या आत तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "असू द्या ओ. त्यांना मीठ लई आवडलं."

अख्खी बस हसली. बायको सगळ्यांत आधी. मी गाणं म्हटलं नाही.