‘पुढे प्रॉक्सी लावला की ऑफिसचा पीसी सेफ’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

गेले काही दिवस नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखानदारांच्या ग्रुपवर, टॅक्सवाल्यांच्या ग्रुपवर, आणि काल तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण एकच मेसेज आला. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर कशाला अडकता, ऑफिसमध्ये फुकटचं ग्वाकामोले (ब्राउझरमधून ऑफिसचा पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) टाका, पुढे एन्जिनएक्सचा प्रॉक्सी (बाहेरून येणारं सगळं आधी घेऊन आत देणारा मधला प्रोग्रॅम) लावा, ब्राउझरमध्ये कुलूप दिसलं की विषय संपला. ३३८९ पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे आरडीपीचं, नेहमीचं दार) बॅकअप म्हणून राउटरमध्ये उघडा ठेवा, फक्त नंबर बदला म्हणजे कुणाला सापडत नाही. स्क्रीन अडकली तर नेटचा प्लॅन वाढवा. स्टॅटिक आयपी (कधीच न बदलणारा नेटचा पत्ता) घ्यावाच लागतो. आणि एकदा लावलं की परत हात लावू नका.

मी नाशकातल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, हाच सेटअप स्वतः बऱ्याच ठिकाणी लावलाय आणि मला तो मनापासून आवडतो. घरच्या कुठल्याही लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल न करता नुसत्या ब्राउझरमध्ये ऑफिसचं टॅली उघडतं ही खरंच मोठी सोय आहे. म्हणूनच हा मेसेज बघून जीव वरखाली होतो, कारण चांगल्या गोष्टीच्या नावाखाली लोक ऑफिसचं दार सताड उघडं टाकतायत.

पहिलं ते कुलूप. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या ब्राउझरपासून एन्जिनएक्सपर्यंतचा, म्हणजे ४४३ पोर्टवरचा प्रवास कुणी वाचू शकत नाही. एन्जिनएक्स पुढे ते सगळं टॉमकॅटला (ग्वाकामोले ज्यावर चालतं तो वेब सर्व्हर) ८०८० वर साध्या एचटीटीपीने देतो, टॉमकॅटमधलं ग्वाकामोले ४८२२ वर बसलेल्या ग्वाक-डी नावाच्या सर्व्हिसशी बोलतं, आणि मग ग्वाक-डी ऑफिसच्या पीसीला आरडीपी नाहीतर व्हीएनसीने, म्हणजे दूरचा स्क्रीन दाखवणाऱ्या पद्धतीने, जोडतो. यात आत कोणाला सोडायचं हे एन्जिनएक्स ठरवत नाही, त्याच्याकडे जे येईल ते तो पुढे देतो. ते काम ग्वाकामोलेच्या लॉगिनचं, आणि डेटाबेस जोडून इन्स्टॉल केलं की पहिला युजर ग्वाकअडमिन आणि पासवर्ड पण ग्वाकअडमिन असा तयार होतो, जो ग्वाकामोले माहीत असलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. तो तसाच राहिला तर कुलूप असलेल्या पानावरून, एकदम सुरक्षित कनेक्शनवरून, चोर तुमच्या टॅलीत शिरतो. तेव्हा नवीन अॅडमिन बनवा, जुना काढून टाका, आणि मोबाईलवरचा सहा आकडी कोड मागणारं टीओटीपी एक्स्टेन्शन लावा. त्याला कोडची किल्ली साठवायला मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस लागतो, नुसत्या युजर मॅपिंगच्या (युजर-पासवर्ड लिहिलेल्या) फाइलवर ते चालत नाही, बरेच जण तिथेच कंटाळून सोडून देतात. प्लीज सोडू नका.

याच मुद्द्यातली अजून एक गोष्ट मेसेजमध्ये अजिबात नाहीये आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. पुढे प्रॉक्सी लावला म्हणून मागचा ८०८० आपोआप बंद होत नाही. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर डॉकरने (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) ग्वाकामोले चालवलं आणि पोर्ट नुसता ८०८०:८०८० असा दिला तर तो सगळ्या जगाला उघडा होतो, आणि तुम्ही यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये तो बंद केला असला तरी उघडाच राहतो, कारण डॉकर स्वतःचे नियम त्याच्या आधी घुसवतो. मग ज्याला यायचंय तो प्रॉक्सीला वळसा घालून कुलूप नसलेल्या पानावर थेट येतो. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहिलं की तो फक्त त्याच मशीनपुरता राहतो, एका ओळीचं काम आहे. ४८२२ तर बाहेर कधीच नको, ग्वाक-डी स्वतः कुणाला पासवर्ड विचारत नाही.

आता ३३८९ चा नंबर बदलून उघडा ठेवायचा सल्ला. हा सरळ सरळ चुकीचा आहे, यात दोन बाजू नाहीत. मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं स्कॅनर बनवलं तेव्हाच एका साध्या मशीनवरून एक पोर्ट अख्ख्या इंटरनेटवर तपासायला ४५ मिनिटं पुरायची. एका आयपीवर पोर्ट असून असून ६५,५३५, आणि आरडीपी कुठल्याही नंबरवर बसवला तरी तो उत्तर आरडीपीसारखंच देतो, त्यामुळे स्कॅनर लगेच ओळखतो. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं तेव्हा पासवर्ड माहीत नसतानाही पीसीत घुसता येत होतं, मायक्रोसॉफ्टने कधीच सपोर्ट बंद केलेल्या एक्सपीसाठी सुद्धा पॅच काढला इतकं ते गंभीर होतं. विंडोज सेव्हनलाही तो धोका होता, आणि आपल्या अंबडमध्ये मशीनशेजारच्या पीसीवर अजून सेव्हन आहे हे मी रोज बघतो. अहो ग्वाकामोले लावायचं कारणच हे ना की आरडीपी आतल्या नेटवर्कमध्ये राहावा आणि बाहेर फक्त ४४३ दिसावा? मग बॅकअप म्हणून तोच पोर्ट बाहेर काढला तर एवढा खटाटोप कशासाठी केला?

स्क्रीन अडकते म्हणून प्लॅन वाढवा, याने गंगापूर रोडच्या एका सीए ऑफिसचे पैसे वाया गेले. प्लॅन दुप्पट केला तरी माउस हलवला की कर्सर दोन सेकंदांनी यायचा. नेट ठीक होतं, एन्जिनएक्सच्या फाइलमध्ये तीन ओळी नव्हत्या. ग्वाकामोलेला वेबसॉकेट, म्हणजे सतत चालू राहणारं कनेक्शन, लागतं, त्यासाठी प्रॉक्सीचं एचटीटीपी व्हर्जन १.१ करावं लागतं आणि अपग्रेड, कनेक्शन हे दोन हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या सूचना) पुढे पाठवावे लागतात. ते नसले तर ग्वाकामोले गप साध्या एचटीटीपीवर उतरतं, एरर काही दिसत नाही, फक्त जड चालतं. त्यात प्रॉक्सी बफरिंग चालू असलं की एन्जिनएक्स चित्राचे तुकडे साठवून साठवून सोडतो. ते ऑफ केलं, हेडर टाकले, आणि जुन्याच प्लॅनवर पळायला लागलं. जाता जाता, मोठी ड्रॉइंग फाइल अपलोड होत नसेल तर एन्जिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी आहे, क्लायंट मॅक्स बॉडी साइज वाढवा.

स्टॅटिक आयपी असला तर चांगलंच, पण घ्यावाच लागतो हे खरं नाही. तुमचा आयपी पब्लिक असेल आणि नुसता बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएसवर (बदलता आयपी एका कायमच्या नावाला जोडणारी सेवा) काम भागतं. राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) आयपीची सुरुवात १०० ने आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधे असेल तर तुम्ही नेट कंपनीच्या सामायिक आयपीमागे आहात, तिथे पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरचा पोर्ट आतल्या पीसीकडे वळवून) काही होणार नाही. अशा ठिकाणी मी छोटा क्लाउड सर्व्हर घेतो, प्रॉक्सी तिथे ठेवतो आणि ऑफिसमधून त्याच्याकडे वायरगार्डचा (व्हीपीएनचा) टनेल काढतो, राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही.

राहिलं ‘परत हात लावू नका’. २०२० मध्ये चेक पॉइंटच्या लोकांनी ग्वाकामोलेतच भगदाडं शोधली, ऑफिसमधला एखादा व्हायरस लागलेला पीसी उलटा गेटवेवर हल्ला करू शकत होता, म्हणजे बाहेरचा प्रॉक्सी कितीही भक्कम असता तरी उपयोग नव्हता. १.२.० व्हर्जनमध्ये ती बुजवली, ज्यांनी हात लावला नाही त्यांची तशीच राहिली. कुलूप दाखवणारं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट पण ठरावीक दिवसांनी संपतं, ते आपोआप रिन्यू होतंय का ते बघत जा.

आणि लॉग बघा, पण नीट बघा. एका वर्कशॉपमध्ये मी फेलटूबॅन लावलं, चुकीचा पासवर्ड पाच वेळा टाकला की तो आयपी ब्लॉक. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाच लॉगिन होईना. झालं असं की टॉमकॅटला प्रत्येक माणूस प्रॉक्सीच्याच आयपीवरून आलेला दिसत होता, एकाने पासवर्ड चुकवला आणि फेलटूबॅनने प्रॉक्सीलाच ब्लॉक केलं. एन्जिनएक्समधून एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर पाठवायचा आणि टॉमकॅटमध्ये रिमोट आयपी व्हॉल्व्ह चालू करायचा, तेव्हा खरा आयपी लॉगमध्ये येतो. ही चूक माझी होती, मी तेव्हापासून फेलटूबॅन लावायच्या आधी लॉग उघडून स्वतःच्या मोबाईलचा आयपी त्यात दिसतोय का ते बघतो.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच सगळं लावलंय त्यांनी आज एवढं करा. मोबाईलचं वायफाय बंद करा, डेटावर या, ब्राउझरमध्ये तुमच्या पत्त्यापुढे कोलन देऊन ८०८० टाकून बघा, मग रिमोट डेस्कटॉपच्या अॅपमधून ३३८९ आणि तुम्ही बदललेला तो नंबर पण ट्राय करा. यातलं काहीही उघडलं तर राउटरमधला तो फॉरवर्ड आत्ताच काढा, क्लाउडवर असाल तर पोर्ट १२७.०.०.१ ला बांधा, आणि मग ग्वाकामोलेच्या हिस्टरीत जाऊन गेल्या महिन्यात रात्री-बेरात्री कोण लॉगिन झालंय ते एकेक ओळ वाचा.